जुनी थार की नवी? घेण्याआधी एकदा खाली वाकून बघा

महिंद्राच्या जुन्या थारवर जीव असलेली मंडळी नवीला शोरूमची गाडी म्हणतात आणि नवी घेतलेली पोरं जुनीला खटारा म्हणतात. कोल्हापुरात दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने भांडताना भेटतील. दिवे, बंपर, टचस्क्रीन यांवरून चाललेलं हे भांडण मला वरवरचं वाटतं. गाडी घेणाऱ्याने आधी खाली वाकून बघावं.

खाली बरंच काही तेच आहे. २०१० ची थार लॅडर चासीवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर होती, २०२० चीही आहे. फोर बाय फोरमध्ये लो रेंजचा, म्हणजे चढ-चिखलात सावकाश पण जोर लावून गाडी काढणाऱ्या गिअरचा लिव्हर राहिला, मागची दोन्ही चाकं जोडणारा अखंड एक्सलही राहिला. बदलले ते कमानपाटे. त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. रिकामी जुनी थार गगनबावड्याच्या रस्त्याला खड्ड्यातून मागून उड्या मारते, नवीत मागे बसलेला माणूस सुखाने घरी येतो. जुन्या थारच्या सीआरडीई डिझेल इंजिनाची ताकद १०५ अश्वशक्तीची, नव्या २.२ लिटर डिझेलची १३०. नवीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, २२६ मिलिमीटर आहे. म्हणजे ‘नवी आता जीप राहिली नाही’ हे म्हणणं मला मान्य नाही. फक्त एक सांभाळा: २०२३ पासून १.५ लिटर डिझेलची थार मिळते, ती दिसायला तशीच, पण ताकद जाते फक्त मागच्या चाकांना. मसाई पठाराच्या ओल्या चढावर हा फरक कळण्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच कळलेला बरा.

जुनीवाल्यांच्या तक्रारीत खरं दुखणं आहे ते दुरुस्तीचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश वळवून मिळतो, पाटा बदलून मिळतो, दबलेला पत्रा ठोकून सरळ होतो. जुनी गाडी या शहराच्या हातात बसलेली आहे. सीआरडीईतही सेन्सर आहेतच, पण साध्या डिझेल इंजिनाची थार डीआय किंवा त्याआधीची महिंद्राची एमएम ५४० जीप तर जाणता मिस्त्री नुसत्या आवाजावरून ओळखतो. नवीला आधी स्कॅनर लागतो. हे नुकसान खरं आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नये.

तरीही घरात एकच गाडी असेल तर मी नवीच सांगेन. जुनीत एअरबॅग नाहीत आणि मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर पोरं बसतात. नवीला २०२० मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षेसाठी चार-चार तारे दिले. पुणे-बेंगळुरू हायवेवर रोज जाणाऱ्याने यापुढे फार विचार करू नये. मागच्या सीटवर आजीला चढवायचं असेल, तर पाच दारांची थार रॉक्स बघा. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिलिमीटर, तीन दारांच्या थारचा २४५०; जंगलातल्या अरुंद वाटेवर वळताना ती लांबी जाणवते. सनरूफवरून नाक मुरडणाऱ्यांनी खरं तर याबद्दल बोलायला हवं.

मारुती सुझुकीची जुनी जिप्सी आणि नवी जिमनी यांची गोष्ट मला जास्त आवडते. सुझुकीने पुढचा-मागचा दोन्ही अखंड एक्सल ठेवले, पाटे काढून कॉइल दिल्या, आणि भारतातल्या प्रत्येक जिमनीला लो रेंज दिली. तक्रार उरते ती किमतीची, डिझेल नसल्याची आणि चारच सीटची. पण राधानगरी-भुदरगडच्या लाल चिखलात हलकी गाडी तरते, आणि जिमनी थारपेक्षा कितीतरी हलकी आहे. एकटा-दुकटा फिरणार असाल तर माझं मत जिमनीला.

लँड रोव्हरने मात्र डिफेंडरची चासीच सोडली. २०१६ मध्ये जुनीचं उत्पादन थांबलं, नवी मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेल्या बांधणीची आली. त्या नाराजीतून इनिऑस ग्रेनेडिअर नावाची वेगळी गाडी उभी राहिली. त्यापुढे थारमधला बदल किरकोळ आहे.

घरात दुसरी गाडी असेल, विश्वासाचा मिस्त्री असेल आणि रविवार तिच्यात घालवायची हौस असेल, तर जुनी थार जरूर घ्या. २०१० च्या आसपासची असेल तर पंधरा वर्षं भरली असतील, म्हणून आरसी आणि फिटनेस आधी तपासा. पाट्यांच्या हँगरजवळ चासीला गंज आहे का ते बघा. मूळ रचनेत बदल केले असतील तर त्यांची नोंद कागदावर आहे का ते विचारा. आणि एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी असेल, तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात ती कुठे उभी होती ते विचाराच. मॅट उचला, सीटच्या रुळांत गाळ बसलेला दिसला तर टोकन देऊ नका.