शहरातून तेजोमेघ टिपणाऱ्यांनो, फिल्टर विकत घेताना जपून!

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आकाशाचे, त्यातही तेजोमेघांचे म्हणजे अवकाशातल्या चमकत्या वायूच्या ढगांचे, फोटो काढणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ज्या पोरांनी पैसे साठवून नुकता ट्रॅकर (ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारं यंत्र) घेतलाय आणि आता शहराच्या दिव्यांचा उजेड कापणारा ‘लाइट पोल्युशन फिल्टर’ शोधताहेत, त्यांनी तर जरूर वाचावं. वापरलेला ड्युअल बँड फिल्टर म्हणून रंगीत काच विकणारा एकजण आपल्याकडच्या हौशी लोकांना गाठतोय. माझे त्याने साडेनऊ हजार घेतले. नंतर खानापूरच्या एका कॉलेजच्या मुलाचेही घेतले, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतंय.

रस्त्यांवर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा गोष्ट थोडी सोपी होती. त्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो, तेवढा कापला की फोटोतलं आकाश बऱ्यापैकी काळं व्हायचं. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो, त्याला जुने फिल्टर पुरत नाहीत. ड्युअल बँड फिल्टर उलट्या बाजूने काम करतो. तो दोन अरुंद पट्टे तेवढे आत सोडतो, हायड्रोजन-अल्फाचा ६५६ नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरचा हिरवट निळा. मृगातला किंवा रोझेटसारखा तेजोमेघ मुख्यतः याच रंगांत चमकतो, म्हणून तो शहराच्या उजेडातूनही वर येतो. असा दोन इंची चांगला फिल्टर नवा घ्यायचा तर पंधरा-वीस हजारांच्या पुढेच जातो. म्हणूनच अर्ध्या किमतीत कोणी देतो म्हटलं की लोक वळतात.

हा माणूस बोलायला पक्का होता. मूळचा शहापूरचा, आता नोकरीला बेंगळूरला, म्हणून सामान काढतोय असं सांगितलं. स्टॅकिंग (अनेक फोटो एकावर एक रचणं), फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग आणि कडांचा काळोख काढायला घेतलेले फोटो), गेन (सेन्सरची संवेदनशीलता), सगळं तोंडपाठ. गच्चीवरून काढलेला म्हणून एका तेजोमेघाचा सुंदर फोटो पाठवला. पैसे यूपीआयने दिले, कुरिअरने डबी आली. डबी नामांकित कंपनीची, आत फोम, झाकण, सगळं जागच्या जागी.

थंडीत आकाश निवळल्यावर रोझेटवर कॅमेरा लावला. फोटोत पार्श्वभूमी पूर्वीसारखीच करडी, तेजोमेघ नावालाही नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, “सर, चंद्र होता ना त्या दिवशी?” अमावास्येच्या सुमारास पुन्हा काढले. मग म्हणाला, एक्सपोजर कमी पडलं, तासा-दीड तासाने काय होतंय, निदान चार तासांचा डेटा हवा. तो जमवला, तर फ्लॅट फ्रेम चुकल्यात. त्या नीट केल्या, तर तुमचा कॅमेरा मॉडिफाय केलेला नाही, त्यात हायड्रोजनचा लाल येणारच कसा?

यातला एकेक सल्ला घेतला तर खरा आहे. चंद्राचा उजेड फोटो खराब करतोच. साध्या डीएसएलआरमधला आतला फिल्टर हायड्रोजनचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, हेही खरं. नेमक्या याच आडोशाला हा माणूस उभा राहतो. या छंदात फोटो बिघडायला इतकी खरी कारणं असतात की घेणारा स्वतःलाच दोष देत राहतो आणि विकणारा नामानिराळा. असे आठवडे गेले, त्याने कबूल केलेली परत घेण्याची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने नंबर ब्लॉक केला.

म्हणून फिल्टरची परीक्षा आकाशात करू नका, टेबलावर करा. अंधाऱ्या खोलीत पांढरा एलईडी बल्ब लावा आणि त्याच्यापुढे ब्लेडने बारीक चीर पाडलेला काळा पुठ्ठा उभा करा. चिरेतून येणारा उजेड जुन्या सीडीवर तिरका घेतला की तिच्यात रंगांचा अखंड पट्टा दिसतो. आता फिल्टर चिरेला समांतर, सरळ धरा. तिरका धरला तर पट्टे निळ्याकडे सरकतात. ड्युअल बँड खरा असेल तर हिरवट निळी एक रेघ आणि गडद लाल एक रेघ एवढंच उरतं, मधे काळोख. मित्राचा खात्रीचा फिल्टर आणून मी दोन्ही शेजारी शेजारी पाहिले. त्याच्यात दोन स्वच्छ रेघा. माझ्यात पिवळा जरासा मंदावला, बाकी पट्टा होता तसाच. वरून पाहिलं तरी फरक कळतो: खऱ्या फिल्टरवर आरशासारखी रंगीत चमक असते, माझी काच दोन्हीकडून नुसती निळसर होती.

तक्रारीसाठी पुरावे गोळा करताना त्याने पाठवलेला नमुन्याचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. तो टॅरंट्युला तेजोमेघ निघाला, दक्षिण आकाशातल्या मोठ्या मॅजेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतला. बेळगाव साधारण १५.९ उत्तर अक्षांशावर आहे. इथून तो दक्षिण क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त ५ अंश येतो. शहापूरच्या गच्चीवरून त्या दिशेला वडगाव-येळ्ळूरच्या बाजूचे दिवे आणि धुरकट हवा. तिथून तसा लख्ख फोटो कोणालाही मिळणार नाही. विकणाऱ्याने नमुना पाठवला की त्यातली वस्तू ओळखा आणि ती आपल्या अक्षांशावरून किती उंच येते ते मोबाइलमधल्या आकाशाच्या ॲपवर पाहा. मूळ रॉ फाइलही (कॅमेऱ्यातली, काहीही फेरफार न केलेली) मागा. खरा विकणारा ती देतो.

आणखी एक. याच माणसाने त्या मुलाला सांगितलं होतं की या फिल्टरने देवयानी दीर्घिकाही (अँड्रोमेडा गॅलक्सी) शहरातून झकास येते. हे धादांत खोटं आहे. दीर्घिकेचा उजेड ताऱ्यांचा, म्हणजे सगळ्या रंगांत पसरलेला. एलईडीच्या उजेडातून तो वेगळा काढणारी काच नाही. त्यासाठी जांबोटी-कणकुंबीकडे अंधारात जाणं हाच उपाय. मुलाने मला फोन करून विचारलं, “काका, माझंच काय चुकतंय काय ओ?” त्याचं काही चुकत नव्हतं. त्याचीही काच मी सीडीवर पाहिली, तीच निळसर काच.

आम्ही दोघांनी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. कुरिअरची पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि डबी, यातलं काहीही टाकू नका. कोणाकडे अशी निळसर काच आली असेल तर सीडीवर पाहून त्या पट्ट्याचा फोटो काढून ठेवा, तक्रारीला जोडायला तो लागेल.