मल्चिंग पेपरचा रोल आधी काट्यावर ठेवा, मग पैसे द्या

नागपुरात मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर (बेडवर) अंथरायचं पातळ प्लास्टिक, घेणार असाल तर आधी हे वाचा. उन्हाळी मिरची न् वांग्यासाठी आम्ही इथल्याच एका दुकानातून सिल्व्हर-ब्लॅक रोल आणले. खोक्यावर चक्क छापलेलं, २५ मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, यूव्हीवाला, म्हणजे उन्हात लवकर खराब न होणारा. दुकानदार म्हणे, "भाऊ, दोन हंगाम काही होत नाही याला, बिनधास्त न्या." रेट बाकीच्यांपेक्षा थोडासाच कमी, एकदम स्वस्त असता तर कोणालाही शंका आली असती.

एप्रिलमध्येच रोपांच्या भोकांपासून चिरा जायला लागल्या, मग मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला न् बेडवरचा पेपर हात लावला की पापडासारखा तुटे. माणूस पेपर टाकतो कशाला, ओल उडू नये, तण उठू नये, चांदीची बाजू वर असली की ऊन परत फेकलं जाते न् मावा, फुलकिडे कमी बसतात. इथे विहिरीला आधीच पाणी कमी, त्यात ड्रिप जास्त वेळ चालवा, फटीतून तण उठलं ते निंदताही येईना, खुरपं घातलं की अजून फाटे. सगळ्यात जास्त जीव जळतो तो मातीत मिसळलेल्या तुकड्यांसाठी. ते कुजत नाहीत, जाळले तर विषारी धूर, मातीनं भरलेलं प्लास्टिक कबाडीवालाही घेत नाही, आता बाया लावून वेचणं चालू आहे.

एक सीलबंद रोल उरला होता, तो काट्यावर ठेवला न् रिकाम्या नळीचं वजन वजा केलं. हिशोब सोपा आहे, पॉलिथिनची घनता साधारण ०.९२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, ती लांबी, रुंदी न् जाडीनं गुणली की या मापाचा २५ मायक्रॉनचा नुसता पेपर ११ किलोच्या आसपास भरायला पाहिजे. आमचा सात किलोही नाही! म्हणजे एक तर पेपर १५ मायक्रॉनच्या जवळचा, नाही तर मीटर कमी, चोरी कशीही केली तरी वजनात पकडल्या जाते. आतली पुठ्ठ्याची नळी मात्र अशी जाडजूड की हातात रोल भारीच लागतो, म्हणून वजन नळी सोडूनच धरा.

दुकानदार म्हणतो तुम्ही पेपर ताणून लावला, नागपूरचं ऊन आहे, आम्ही काय करणार. अरे, उन्हासाठीच तर यूव्हीवाला मागितला होता ना! पण बिलावर त्यानं नुसतं 'मल्चिंग रोल' लिहिलंय, न मायक्रॉन, न मीटर, न यूव्ही. पेपर यूव्हीचा आहे का हे डोळ्यांनी कळतच नाही, म्हणून हे सगळं पक्क्या बिलावर लिहून घ्या, लिहायला कां-कूं केली तर दुसरं दुकान बघा. ज्यांच्याकडे सोयाबीनचं कुटार नाही तर धानाचं तणस आहे त्यांनी पेपरऐवजी तेच तीन-चार इंच पसरवा, उधईवर (वाळवीवर) तेवढी नजर ठेवा.

आम्ही ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे. तुमच्याकडे असा रोल निघाला असेल तर उरलेला उघडू नका, खोकं, नळी, बिल, फाटलेल्या बेडचे फोटो सगळं जपून ठेवा न् तुम्हीही तक्रार करा.