गिट्टीविना थेट काँक्रीटमध्ये बसणारे स्क्रू: गॅरेजच्या रिपांसाठी कसे ठरले?

गॅरेजच्या काँक्रीटच्या भिंतींना आतून उष्णतारोधक फलक आणि त्यावर प्लायवूडचे पॅनेलिंग करायचे ठरल्यावर सर्वांत जास्त विचार करावा लागला तो लाकडी रिपा भिंतीला कशाने पकडायच्या याचा. प्लास्टिकची गिट्टी (भिंतीतल्या भोकात बसवायची आणि स्क्रूला पकड देणारी नळी) आणि स्क्रू हा नेहमीचा मार्ग मला ठाऊक होता. त्यात रिपेतले भोक आणि भिंतीतले भोक तंतोतंत जुळवावे लागते, आणि लांब रिपेवर पाच ठिकाणी ते जुळवताना एखादे तरी हमखास सरकते. म्हणून या वेळी ७.५ मिमी व्यासाचे, पूर्ण लांबीभर आटे असलेले काँक्रीट स्क्रू वापरले. रीप भिंतीला टेकवायची, ६ मिमीच्या बिटने रिपेतून आरपार भिंतीत भोक पाडायचे आणि स्क्रू आत घालायचा, इतकीच त्यांची रीत आहे.

या स्क्रूंचा खरा गुण मला दुसऱ्या रिपेवर कळला. भिंत मधोमध साधारण ८ मिमी आत गेलेली होती. स्क्रूचे आटे काँक्रीटमध्ये जसे रुततात तसेच ते रिपेच्या लाकडातही रुतत असल्यामुळे रीप भिंतीकडे ओढली जात नाही. स्क्रू काँक्रीटमध्ये शिरताना ती जितक्या अंतरावर असते तितक्याच अंतरावर राहते. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लावून रीप ओळंब्यात धरली, मागच्या फटीत प्लायवूडच्या पाचरी सरकवल्या आणि मग स्क्रू फिरवला, तर ती जागची हलली नाही. याउलट, भिंत सपाट असेल आणि रीप घट्ट आवळून घ्यायची असेल, तर रिपेतले भोक ८ मिमीचे करावे लागते. माझ्या खोक्यावरच्या सूचनांमध्ये हा फरक कुठेही सांगितलेला नव्हता आणि ती उणीव मला गंभीर वाटते, कारण खड्ड्यावर आवळलेली रीप वाकते आणि तो बाक पुढे पॅनेलवर उमटतो.

लांबी निवडताना माझी चूक झाली. २५ मिमी जाडीच्या रिपेसाठी ७२ मिमीचे स्क्रू घेतले, म्हणजे काँक्रीटमध्ये ४७ मिमी जाणार असा हिशेब होता. पण पाचरीची जाडीही त्यातूनच वजा होते. १० मिमीची पाचर आली की उरतात फक्त ३७ मिमी. ४० मिमीपेक्षा कमी पकड मला नको होती, म्हणून खोलगट भागासाठी ९२ मिमीचे स्क्रू नंतर आणावे लागले. भोक स्क्रूच्या टोकापेक्षा किमान १० मिमी खोल पाडावे, म्हणजे तळाशी साचलेल्या भुकटीला जागा मिळते. एका भोकात ही काळजी घेतली नाही, तेव्हा डोके लाकडाबाहेर असतानाच स्क्रू अडकला, आणि मी इम्पॅक्ट ड्रायव्हरने (झटके देत स्क्रू फिरवणाऱ्या यंत्राने) जोर दिल्यावर कुरकुर थांबून तो एकदम सैल फिरू लागला. काँक्रीटमध्ये कापले गेलेले आटे भरडले गेले होते. असे भोक पुन्हा पकड देत नाही. पन्नास-साठ मिमी बाजूला नवे पाडणे हाच उपाय. त्यानंतर प्रत्येक भोक फुंकणीने साफ केले आणि शेवटचे चार-पाच फेरे हाताने दिले. ही धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे चांगला मुखवटा लावल्याशिवाय हे काम करू नये. झिजलेले बिटही टाळावे, कारण त्याने भोक अरुंद पडते आणि स्क्रू मध्येच जाम होतो.

प्लायवूडचा ताव १२२० मिमी रुंद असल्याने रिपा मध्य ते मध्य ६१० मिमीवर घेतल्या, म्हणजे दोन तावांचा सांधा बरोबर रिपेच्या मधोमध आला. ५० मिमी रुंदीच्या दोन रिपांमध्ये ५६० मिमीची मोकळी जागा उरते आणि उष्णतारोधक फलक त्याच मापाने कापून घट्ट बसवले. २४४० मिमीच्या प्रत्येक रिपेला पाच स्क्रू दिले. टोकापासून पहिला स्क्रू १०० मिमी आत ठेवला, कारण इतक्या जाड आट्यांनी टोकाजवळ लाकूड चिरते. दोन ठिकाणी बिट सळईला लागले; ते पुढे सरकेना आणि आवाज बदलला, तेव्हा भोक थोडे वर घेतले.

ओलीचा प्रश्न मात्र कोणताही स्क्रू सोडवत नाही. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला होता आणि तो आतून कोरडा राहिल्यावरच काम सुरू केले. तरीही प्रत्येक रिपेमागे ओलरोधक पट्टी घातली, लाकूड कीडनाशक प्रक्रिया केलेलेच घेतले आणि रिपांची खालची टोके फरशीपासून थोडी वर ठेवली.

भरीव काँक्रीटवर, विशेषतः भिंत वेडीवाकडी असेल तर, हे स्क्रू मी पुन्हा नक्की घेईन. चुकलेली रीप काढून दुरुस्त करता येते, आणि ठोकून बसवायच्या गिट्ट्यांमध्ये ही सोय जवळजवळ नसतेच. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला मात्र ते घेणार नाही, कारण तिथे आट्यांना फक्त ब्लॉकचे पातळ कवच सापडते. अशा भिंतीसाठी पोकळीत फुलणारी लांब गिट्टीच योग्य आहे.