टेक्सासमधली जमीन: गायींसाठी पूर्वेची की हरणांसाठी हिल कंट्रीतली?

ह्यूस्टन किंवा ऑस्टिनला नोकरी आहे, शंभरेक एकर घेऊन गायी ठेवायच्या आणि हिवाळ्यात शिकारही करायची, असा बेत असेल तर आधी एक ठरवा: गाय महत्त्वाची की हरीण? शंभर एकरांत दोन्हींना मनासारखी जमीन टेक्सासमध्ये सहसा मिळत नाही. इथे दोन भाग शेजारीशेजारी ठेवू: पूर्वेचा नॅकोडोचेसचा परिसर, आणि ऑस्टिनच्या पश्चिमेला हिल कंट्रीतल्या लॅनो, मेसन, किंबल या काउंट्या, म्हणजे तिथले जिल्हे.

फरक पावसापासून सुरू होतो. पूर्वेला वर्षाला ४५ ते ५० इंच. मेसनकडे २५ ते २८, तोही लहरी. पूर्वेला खत घातलेल्या बर्म्युडा गवतावर साधारण तीन एकरांत वासरासह एक गाय निभते. हिल कंट्रीत तिला २० ते ३० एकर लागतात. म्हणजे शंभर एकरांवर एकीकडे तीसेक गायी, दुसरीकडे तीन ते पाच.

हिल कंट्रीत जमीन बघायला जाताना फावडं न्या. बऱ्याच ठिकाणी वीतभर खाली ते चुनखडकावर खणकन आपटतं. गवताची मुळं तिथेच अडतात, कुंपणाच्या खांबासाठी खडक ड्रिल करावा लागतो आणि खर्च चढतो. त्यात सीडर, म्हणजे तिथला ज्युनिपर वृक्ष: तो माजला की खाली गवत उरत नाही. जाहिरातीतला एकरांचा आकडा बाजूला ठेवा आणि उघडं गवत किती आहे ते चालून बघा.

पूर्वेची दुखणी वेगळी. माती आम्लधर्मी असते. तपासून चुना घातला नाही तर महागाचं नायट्रोजन वाया जातं. थंडीत बर्म्युडा सुकतो. गाय दिवसाला सुमारे १२ किलो कोरडा चारा खाते. १२० दिवस चारा विकत घालायचा तर हजार पौंडी गोल गठ्ठे गायीमागे तीन, नासाडी धरून चार. नवखे लोक गायींची किंमत धरतात आणि नेमका हाच हिशेब विसरतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत कुरण नांगरल्यासारखं करून ठेवतो. दमट उन्हाळ्यासाठी ब्रँगससारखी ब्रह्मन रक्ताची गुरं बरी. ब्रह्मनचे पूर्वज आपलेच: गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठची गुरं.

शिकारीत पारडं उलटं फिरतं. लॅनो-मेसन भागात पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत, आणि त्यांच्याबरोबर चितळ आणि काळवीटही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने संरक्षित असलेले हे प्राणी तिथे परदेशी म्हणून मोजले जातात. त्यांना हंगामाची मर्यादा नाही, परवाना मात्र लागतो. पूर्वेच्या दाट जंगलात हरीण दिसणंच अवघड, आणि बऱ्याच काउंट्यांत नराच्या शिंगांचा आतला पसारा १३ इंच आहे का, हे ट्रिगर दाबण्याआधी ओळखावं लागतं. तरीही एक लक्षात ठेवा: हरणाचा वावर शंभर एकरांत मावत नाही. तुम्ही राखलेला नर शेजारी टिपणारच. शिकार हेच कारण असेल तर क्षेत्र वाढवा, नाहीतर शेजाऱ्यांशी आधी बोला. एच-१बी व्हिसावर असाल तर वैध शिकार परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हा संघीय गुन्हा ठरतो.

कागदपत्रं दोन्हीकडे सारखीच. सातबारा नसतो, टायटल कमिटमेंट (मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपनीचा आधीचा कागद) मिळतं, त्यातलं शेड्यूल बी, म्हणजे विम्यात न येणाऱ्या गोष्टींची यादी, ओळीओळीने वाचा. रस्त्याचा हक्क, पाइपलाइन आणि खनिजहक्क तिथेच कळतात. खनिजहक्क, म्हणजे जमिनीखालच्या तेल-वायूचा हक्क, दुसऱ्याकडे असेल तर तो माणूस तुमच्या कुरणातून रस्ता काढून तेल-वायूची विहीर खोदू शकतो. पूर्वेला वायूची क्षेत्रं आहेत, तिथे पृष्ठभाग न वापरण्याचं लेखी हमीपत्र मागाच. ग्रीन कार्ड नसेल तर दहा एकरांहून जास्त शेतजमिनीची नोंद ९० दिवसांत एफएसए-१५३ फॉर्मवर कृषी खात्याकडे करावी लागते. चुकलात तर दंड बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

मालमत्ता कराची शेती-सवलत विकणाऱ्याला होती म्हणून तुम्हाला आपोआप मिळत नाही; ३० एप्रिलपर्यंत नवा अर्ज करा. एकरी किती गुरं हवीत, हे काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट (करासाठी जमिनीचं मूल्य ठरवणारं कार्यालय) ठरवतं, ते खरेदीपूर्वीच विचारा. हिल कंट्रीत पुरेशा गायी बसत नसतील तर, जमीन आधीपासून शेती-सवलतीत असल्यास, वन्यजीव व्यवस्थापनाकडे वळता येतं: पाणी, खाद्य, निवारा, शिरगणती अशा सात कामांपैकी किमान तीन दरवर्षी करायची. वासरं बाजारात विकणं ज्यांच्या मनाला पटत नसेल, त्यांनाही हाच मार्ग सोयीचा. शेती सोडून जमिनीचा वापर बदललात, तर त्या तुकड्यावर मागच्या तीन वर्षांच्या पूर्ण आणि सवलतीच्या करातला फरक भरावा लागतो. स्वतःच्या राहत्या घरासाठी काढलेल्या तुकड्यावर केवळ त्या कारणाने तो लागत नाही, पण त्या तुकड्याची शेती-सवलत जाते, म्हणून घराची जागा आधीच आखून घ्या.