मागच्या इंजिनाची रॅली कार: अल्पीन घ्यावी की पोर्शे?

डर्ट रॅली २.० या रॅलीच्या व्हिडिओ गेममध्ये मागच्या इंजिनाची जुनी गाडी शिकायची म्हटलं, तर निवड दोनच गाड्यांत उरते. स्ट्रॅटोस, लान्सिया ०३७, रेनो ५ टर्बो यांचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी असतं खरं, पण ते मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे बसवलेलं आहे. त्यांचा स्वभाव निराळा. अ‍ॅक्सलच्याही मागे इंजिन लटकवलेल्या जुन्या गाड्या म्हणजे अल्पीन ए११० १६०० एस आणि पोर्शे ९११ एससी आरएस. (आर-जीटी वर्गातली ९११ आजच्या काळातली आहे, तिला इथे धरलेलं नाही.)

दोन्ही मी वर्षभर आलटूनपालटून चालवल्या. अल्पीन एच-२ या जुन्या गाड्यांच्या वर्गात, पोर्शे ग्रुप बी या ऐंशीच्या दशकातल्या ताकदवान गाड्यांच्या वर्गात, त्यामुळे स्टेजच्या (रॅलीतल्या एकेका टप्प्याच्या) वेळा शेजारी मांडण्यात अर्थ नाही. पोर्शे जलद आहे, त्यात वादच नाही. रोज संध्याकाळी तासभर चालवायला बसायचं तर कोणती, एवढाच प्रश्न आहे.

या दोघींची चुरस मात्र खेळापेक्षा बरीच जुनी. माँटे कार्लो रॅली १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षं ९११ ने जिंकली. आधी व्हिक एल्फर्ड, मग दोनदा ब्यॉर्न वाल्डेगार्ड. १९७१ मध्ये ओव्हे अँडरसनने ती अल्पीनकडे आणली. १९७३ मध्ये, म्हणजे जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या पहिल्याच वर्षी, माँटे कार्लोचे पहिले तिन्ही क्रमांक अल्पीनचे होते आणि वर्षाअखेरीस अजिंक्यपदही तिनेच नेलं. खेळातली एससी आरएस ही त्यानंतर बऱ्याच काळाने, १९८४ मध्ये आलेली गाडी. जेमतेम वीसेक बनल्या, आणि हेन्री तोइव्होनेन त्या वर्षी युरोपियन रॅली चॅम्पियनशिपमध्ये रॉथमन्स या प्रायोजक सिगारेट कंपनीच्या रंगातली हीच गाडी चालवत होता. तेव्हा एकीकडे फायबरग्लासच्या अंगाची, सातशे किलोच्या आसपासची गाडी आणि दुसरीकडे दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवातून सुधारत गेलेली, हजार किलोच्या घरातली. बरोबरीचा सामना नाही, हे मान्य करूनच पुढे लिहितो.

मूळ खोड दोघींची एकच. वजन मागे, त्यामुळे पुढच्या चाकांवर भार कमी. वळणात शिरताना तुम्ही स्टेअरिंग फिरवता आणि गाडी सरळच जात राहते. घाबरून थ्रॉटलवरून (वेगाच्या पेडलवरून) पाय काढला की वजन पुढे सरकतं, पुढच्या चाकांना एकदम पकड मिळते, मागची मोकळी होतात आणि शेपूट फिरते. आमच्या घरी टाटा नॅनो होती, तिचे पुढचे टायर १३५ चे आणि मागचे १५५ चे. इंजिन मागे असलेल्या गाडीची शेपूट बाहेर येऊ नये म्हणून पुढची पकड मुद्दाम कमी ठेवायची, हा त्यामागचा हिशेब मला या दोन गाड्या चालवल्यावर खऱ्या अर्थाने कळला. रॅलीत आपल्याला याच्या उलट हवं असतं. शेपूट बाहेर यायलाच हवी, फक्त आपण बोलावू तेव्हा.

आधी पोर्शेचं चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. चढावरच्या हेअरपिनमधून, म्हणजे पूर्ण उलट फिरणाऱ्या वळणातून, बाहेर पडताना ती जशी उचलते, तशी त्या वर्गातली मागच्या चाकांना ताकद मिळणारी दुसरी कोणतीही गाडी मला वाटली नाही. त्याच वर्गातली ओपेल मांटा ४०० जिथे खडी उडवत बसते, तिथे पोर्शे चाकं रोवून निघून जाते. ब्रेकिंगलाही हाच फायदा. पुढे वजन आलं तरी मागे पुरेसं उरतं, चारही चाकं काम करतात, आणि ब्रेक थोडा उशिरा मारला तरी ती सांभाळून घेते. सहा सिलिंडरच्या त्या एअर-कूल्ड इंजिनाचा आवाज हेडफोनवर ऐकावा असाच. माँटे कार्लोच्या कोरड्या टारमॅकवर (डांबरी रस्त्यावर), तुरिनी घाटाच्या चढणीला, मी आजही पोर्शेच काढतो.

मग अडलं कुठे? परतीच्या झोक्यावर, म्हणजे बाहेर गेलेली शेपूट परत येते तेव्हा.

वेल्सच्या जंगलातला ओल्या खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. सहचालक सांगतो, लेफ्ट फोर, त्याला लागूनच राइट फोर (आकडा वळण किती तीव्र ते सांगतो). डाव्या वळणात शेपूट उजवीकडे निघते, मी उलट स्टेअरिंग देतो, ती थांबते आणि परत यायला लागते. इथवर सगळं ठीक. पण परत येताना ती मधोमध थांबत नाही. स्टेअरिंग क्षणभर हातात हलकं होतं, फोर्स फीडबॅक (खेळाच्या स्टेअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर) मुका होतो, आणि पुढच्याच क्षणी ते दुसऱ्या बाजूला इतक्या वेगाने फिरू बघतं की मनगटं मागे पडतात. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवला आणि मध्येच थांबवला, तर मनगटाला जो हिसका बसतो तसाच हा. उजव्या वळणासाठी शेपूट डावीकडे जायला हवीच असते, पण हवी त्याच्या दुप्पट जाते. मग तिसरा झोका, आणि बहुतेक वेळा एक झाड.

पहिला झोका मी सांभाळू शकतो, दुसरा नाही, हे महिनाभराने माझ्या लक्षात आलं. रिप्ले बघितले तेव्हा दिसलं की चूक दुसऱ्या वळणात होतच नाही. ती दोन वळणांच्या मधल्या अर्ध्या सेकंदात होते. शेपूट परतायला लागली की स्टेअरिंग तिच्याआधी सरळ करायचं असतं, आणि पोर्शेत ते ‘आधी’ नेमकं कधी, हे कळायला हातात काहीच येत नाही.

सेटअपमध्ये, म्हणजे गाडीच्या जुळणीत, जे सुचलं ते केलं. डिफरन्शियलचं ब्रेकिंग लॉक वाढवलं (ब्रेक मारताना मागची दोन्ही चाकं जास्त एकत्र फिरावीत म्हणून), मागचा अँटीरोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मऊ केला, मागच्या चाकांना थोडा टो-इन दिला (त्यांची पुढची कड किंचित आत वळवली). झोका नक्कीच कमी झाला. पण त्याबरोबर नाक आणखी आळशी झालं, आणि ज्या हेअरपिनसाठी ही गाडी घ्यावी तिथेच ती बाहेरच्या कडेला जाऊ लागली. हँडब्रेक ओढून वळवता येते, पण दर हेअरपिनला हँडब्रेक म्हणजे वेग घालवणं. शेवटी मी सगळं मूळ सेटअपवर आणून ठेवलं. मुरलेले पोर्शेवाले यावर हसतील कदाचित, त्यांच्या हाताला ते जमलेलं असतं. माझ्या हाताला जमलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

तोच रस्ता, तीच दोन वळणं, अल्पीनमध्ये. कागदावर हीच जास्त अवखळ असायला हवी. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) फक्त २,१०० मिलिमीटर, ९११ पेक्षा सुमारे १७० ने कमी. शेपूट झटकन निघते, पोर्शेपेक्षाही झटकन. पण तिच्यामागे रेटणारं वजनच थोडं. झोका येतो, स्टेअरिंग सैल सोडलं तर ते आपणहून उलट फिरतं, आणि शेपूट आली तशी थांबते. दुसऱ्या वळणात शिरताना गाडी कुठे आहे हे मला माहीत असतं. शिवाय ती अरुंद आहे. दोन हात चुकले तरी झाड आणि गाडीच्या मध्ये थोडी खडी शिल्लक राहते.

तिला चालवायची रीतही हळूहळू अंगात मुरते. सरळ रस्त्यावर ब्रेक संपवायचा नाही, थोडा वळणात घेऊन जायचा, म्हणजे पुढच्या चाकांवर भार टिकतो. डावा पाय ब्रेकवर, उजवा थ्रॉटलवर, आणि नाक वळायला लागलं की ब्रेक सोडून थ्रॉटल. एकदा दाबला की डगमगायचं नाही. पोर्शेतही हेच करायचं असतं, पण तिथे चुकीची शिक्षा लगेच आणि पूर्ण मिळते. अल्पीन चूक दाखवते आणि पुढे जाऊ देते. मला शिकायला तेच उपयोगी पडलं.

अल्पीनचे दोषही आहेत आणि ते लपवत नाही. फिनलंडला तिला नेऊ नका, निदान सुरुवातीला तरी. मोठ्या उंचवट्यावर हलकं नाक वर चढतं, मागची चाकं आधी टेकतात आणि गाडी आपटत पुढे येते. उडीच्या जरा आधी ब्रेकला हलका स्पर्श केला तर नाक खाली राहतं, पण तो क्षण साधायला बरेच दिवस लागतात. ग्रीसच्या खडबडीत उतारांवर पुढची चाकं सतत उडत राहतात. इंजिन लहान, आवर्तनं खाली आली की चढावर जीव जातो, त्यामुळे गिअर सारखे बदलावे लागतात. आणि गाडी जेमतेम १,१३० मिलिमीटर उंच असल्याने कॉकपिटमधून उंचवट्यापलीकडचं काही दिसत नाही, पेस नोट्सवर (सहचालक वाचून दाखवतो त्या रस्त्याच्या टिपणांवर) डोळे मिटून भरवसा ठेवावा लागतो. यातलं काहीही मला परतीच्या झोक्याइतकं खटकलं नाही. ते दोष दिसतात, कळतात, त्यांच्यासाठी तयारी करता येते.

तुमचं बहुतेक चालवणं टारमॅकवर असेल, ग्रुप बीच्या स्पर्धांत उतरायचं असेल, किंवा हात आधीच तयार असेल, तर पोर्शे घ्या, माझ्या तक्रारीकडे फार लक्ष देऊ नका. जाँ-पिएर निकोला १९७० आणि १९७३ च्या माँटे कार्लोत अल्पीन चालवून तिसरा आला होता, आणि ती रॅली शेवटी त्याने जिंकली ती १९७८ मध्ये, ९११ मधून. अल्पीनच्या त्याच संघातला जाँ-लुक तेरिए १९८० मध्ये कॉर्सिकाची रॅली जिंकला, तोही ९११ एससीमधून. पोर्शेच्या बाजूने याहून मोठं प्रमाण नाही. फक्त दोघांनीही आधी कित्येक वर्षं अल्पीन चालवली होती, हेही तितकंच खरं.

खडीवर शिकायचं असेल, तर माझं झुकतं माप अल्पीनला. पहिले आठ दिवस सेटअपला हात लावू नका. वेल्सचा एखादा छोटा स्टेज घ्या, कोरड्या हवेत, आणि घड्याळाकडे न बघता फक्त जोडवळणं नीट घ्या. शेपूट परतताना स्टेअरिंगवरची पकड ढिली करा, ते हातातून सरकू द्या, आणि सरळ आलं की धरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी ते बरोबर त्या जागी आपणहून येऊन थांबेल.