सिंपली सॉसरची 'सायबॉर्ग्ज रीव्हिजिटेड': आठ महिने ऐकल्यानंतर

सिंपली सॉसर हा सत्तरच्या दशकातला कॅनडाचा रॉक बँड, त्यांची ही रेकॉर्ड मार्चमध्ये घेतली, आता नोव्हेंबर सुरू आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी ती लागतेच, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिले तीन आठवडे मला ती आवडलीच नव्हती. गिटार कर्कश, गाणारा बेफिकीर, आणि मागे सतत कसलातरी कुंई-कुंई आवाज, मला वाटलं सुईच खराब झालीये, बदलून पण पाहिली.

तर तो आवाज म्हणजे पिंग रोमनी. थेरेमिन (हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आणि ऑडिओ जनरेटर (विजेवर आवाज काढणारं यंत्र) घेऊन हा माणूस बँडमध्ये उभा राहायचा, सूर वगैरे धरायचा नाही, सरळ गाण्याच्या अंगावर आवाज सोडायचा. एकदा कळलं की मग कान तिकडेच जातो. माझ्यासाठी या बँडचा जीव त्याच्यात आहे, गाणाऱ्या एडगर ब्रोच्या गिटारपेक्षाही जास्त (यावर भांडणारे भेटतील, भांडू देत).

बँड हॅमिल्टनचा, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं पोलादाच्या कारखान्यांचं शहर. १९७३ मध्ये सुरू झाला, नाव पिंक फ्लॉइडच्या एका अल्बमवरून घेतलेलं, त्यातही ब्रोचा जीव त्यांच्या सुरुवातीच्या गायक-गिटारवादक सिड बॅरेटवर, आणि सोबत व्हेल्व्हेट अंडरग्राउंड, स्टूजेस हे अमेरिकन बँड, हे सगळं डोक्यात भरलेलं. जुलै १९७४ मध्ये यांनी बॉब आणि डॅनियल लॅन्वा या भावांकडे रेकॉर्डिंग केलं, स्टुडिओ म्हणजे काय तर त्यांच्या आईच्या घराचं तळघर. पुढे यू-टू या आयरिश बँडचे अल्बम निर्माता म्हणून करणारा तो हाच डॅनियल लॅन्वा! पण तेव्हा ते रेकॉर्डिंग घ्यायला कुणीच तयार झालं नाही. पंक (रांगडं, कर्कश रॉक) हा शब्द लोकांच्या तोंडी यायला अजून दोनेक वर्षं होती आणि हे पोरगे तेच वाजवत होते, वर अंतराळातले आवाज मिसळून.

२८ जून १९७५ ला हॅमिल्टनच्या जॅक्सन स्क्वेअर मॉलच्या छतावर ते वाजवले, ते रेकॉर्डिंग या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला आहे (पहिल्या बाजूला ते तळघरातलं). मी जवळच राहते, म्हणून ऑगस्टमध्ये एका दुपारी हेडफोन लावून तिथे वर जाऊन बसले. काँक्रीटचं मोकळं पटांगण, कबुतरं, डबा खाणारे दोघं-तिघं, आणि कानात 'इलिगल बॉडीज', दहा मिनिटांच्या आसपास चालतं ते. मधे एक जागा येते जिथे गिटार किंचाळते की पिंगचं यंत्र हे मला अजून ओळखता येत नाही, आणि खाली केविन क्रिस्टॉफचा बास मात्र एका जागी घट्ट उभा, हलत नाही. घरी स्पीकरवर शंभरदा ऐकलेलं पण तिथे बसून ऐकताना अंगावर काटा आला.

नंतर १९७८ ला एक सिंगल (दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) निघाली, छोटी सरळ गाणी, चांगलीच आहेत पण ती वेगळीच गोष्ट, पिंग नाही त्यात. १९७९ ला बँड बंद. 'सायबॉर्ग्ज रीव्हिजिटेड' निघाली १९८९ ला, ब्रूस मोवॅट नावाच्या हॅमिल्टनकरानं पदरमोड करून काढली म्हणून, नाहीतर टेप तशाच पडून राहिल्या असत्या आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, की बँड मोडल्यावर दहा वर्षांनी लोकांना कळलं तो किती भारी होता. २००६ पासून ते परत वाजवायला लागले हे त्यातल्या त्यात बरं.

तक्रार एकच. जिथून घेतली त्या दुकानानं पातळ पाकिटात पाठवली, कोपरा दुमडून आला, बदलून काही दिली नाही. आवाज ठीक आहे.

नवीन ऐकणाऱ्यांनी 'बुलेट प्रूफ नथिंग'पासून सुरुवात करा, त्यात चाल आहे, गुणगुणता येतं. मग दुसरी बाजू, आवाज मोठा ठेवून, आणि शेवटच्या गाण्याला मधेच उठू नका.