छावणीतलं गॅरेज: शॉकरची गळती आणि आईचा एक्स-रे

माझी एक्सपल्स २०० मोटरसायकल चार वर्षांची. पावसाळ्यात दर पंधरवड्याला इंदूरजवळचं जानापाव नाहीतर चोरल, त्यामुळे चिखल तिच्या पाचवीलाच पुजलेला. जुलैत पुढच्या डाव्या शॉकरच्या रबरी आवरणाखालून तेल ओघळायला लागलं. मोठ्या वर्कशॉपात नेली. त्यांनी दोन्हीकडची सीलं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, बदलून २,१०० रुपये घेतले. एकदा जानापाव करून आले, तर तेल परत हजर. विचारलं तर म्हणे, मॅडम, असल्या रस्त्यांवर नेता, मग होणारच!

मग ऑफिसातल्या एकाने छावणीतल्या या गॅरेजचा पत्ता दिला. गॅरेज कसलं, एक शटर आणि पुढे ताडपत्री. गॅरेजवाल्या चाचांनी पाना उचललाच नाही. आधी शॉकरचं रबर वर सरकवलं. मागच्या बाजूने ते बोटभर फाटलेलं होतं आणि आत ओल्या मातीचा लगदा. इतके दिवस मीही तिथे वाकून पाहिलं नव्हतं. "पहले मिट्टी निकालते हैं, बहनजी. घर में पुराना एक्स-रे है?"

दुसऱ्या दिवशी आईच्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन गेले. त्यांनी त्याची पट्टी कापली, टोकाला आकड्यासारखी खाच केली, धूळ अडवणारं वरचं डस्ट सील उचकटून पट्टी तेलाच्या सीलच्या ओठाखाली घातली आणि शॉकरच्या पाइपभोवती गोल फिरवली. पट्टीबरोबर काळी, करकरीत रेती बाहेर आली. पाइप पुसून वीसेक वेळा हँडल दाबलं. पाइपवर तेलाचं कडं आता पुसट, पण होतंच.

तेव्हा कापसाचा बोळा पाइपवरून हलकेच फिरवला. एका जागी तंतू अडकले. तिथे तांदळाच्या कणीएवढा ओरखडा होता आणि त्याची धार वर आलेली. नवं सील घातलं तरी तीच धार ते कापत होती! १५०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून धार तेवढी घासून बोथट केली. मग सील नवं घातलं, पाइपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, म्हणजे ओठ दुमडत नाही. तेल दोन्हीकडे मापून सारखं भरलं. रबरही नवं.

एकूण ९५० रुपये. ओरखड्याचा खळगा राहिलाय, पुन्हा गळलं तर पाइपच बदलावा लागेल, हे त्यांनी पैसे घ्यायच्या आधी सांगितलं. तेल ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोचलं नव्हतं हे नशीब, नाहीतर ब्रेक पॅडचा खर्च वेगळा.

त्यानंतर चोरलच्या तीन फेऱ्या झाल्या, पाइप कोरडा आहे.

एक स्टार कापतेय, कारण बिल मिळत नाही, फोन कधीच उचलत नाहीत आणि 'दो घंटे' म्हणजे दुसरा दिवस. बसायला एक उलटी बादली आहे. एक्स-रे घरूनच न्या. आमच्याकडे आता फक्त मांडीचा भाग उरलाय.